विकिमीडिया कॉमन्स: बारवांचे फोटो चढवून बरेच महिने झाले, आता अनुभव

गेल्या दिवाळी अंकासाठी ओळखीच्या एका संपादकांनी बारवेवरच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरच्या, लेखाला विकतच्या फोटो-साइटवरून फोटो घेतला. पैसे मोजले, अंक छापला, आणि मग एका वाचकाने कळवलं की ही बारव महाराष्ट्रातली नाहीच, गुजरातेतली वाव आहे. त्याच वेळी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्याच परिवारातल्या मोफत फोटोंच्या भांडारात, आपल्याकडच्या बारवांचे चांगले फोटो फुकट पडले होते, त्यात माझेही होते. संपादकांनी तिथे आधी शोधलंही होतं. देवनागरीत ‘बारव’ टाकलं, हवं तसं काही दिसलं नाही, म्हणून पुढे गेले. फुकट मिळणाऱ्या चांगल्या गोष्टीसाठी पैसे जावेत, तेही चुकीच्या फोटोवर, हे मला अजून सहन होत नाही. म्हणून हे लिहितेय.

खातं कसं काढायचं, परवाना कोणता निवडायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरते. प्रश्न फोटो चढवण्याचा नाही, चढवलेला फोटो दुसऱ्याला सापडण्याचा आहे.

कॉमन्स २००४ पासून चालू आहे आणि तिथली जुनी मांडणी वर्गांची (कॅटेगरी). वर्गांची नावं साधारणपणे इंग्रजीत ठेवायची असा नियम आहे. तो मला एक वेळ चालतो. इतक्या भाषांतले लोक फोटो टाकतात, कुठलीतरी एक भाषा धरावीच लागणार. माझं भांडण दुसऱ्याच नियमाशी आहे. फोटो सगळ्यात नेमक्या वर्गात ठेवायचा आणि त्याच्या वरच्या वर्गात पुन्हा ठेवायचा नाही. तिथली मंडळी याला ‘ओव्हरकॅट’ म्हणतात. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. तिचा फोटो तिच्या स्वतःच्या वर्गात गेला, की मग तो सातारा जिल्ह्याच्या वर्गात ठेवायचा नाही आणि राज्यातल्या बारवांच्या वर्गातही नाही. कारण पटतं, नाहीतर वरच्या वर्गात हजारो फोटोंचा ढीग होईल. पण बाहेरून आलेला माणूस वरचाच वर्ग उघडतो. तिथे त्याला कुणी नीट न लावलेले, उरलेसुरले फोटो दिसतात. ज्यांच्यावर मेहनत घेतली ते सगळे पोटवर्गांत. म्हणजे जितकं काटेकोर लावाल, तितके तुमचे फोटो पहिल्या पानावरून नाहीसे. या एका गोष्टीवर मी जितकी चिडले तितकी अपलोड अडकल्यावरही चिडले नाही. शोधपेटीत ‘डीपकॅटेगरी’ हा इंग्रजी शब्द, मग अपूर्णविराम आणि वर्गाचं नाव टाकलं की पोटवर्गांतलेही फोटो एकत्र येतात, पण घाईतल्या संपादकाला हे कोण सांगणार?

बरेच दिवस माझं मत होतं की मराठीतून शोधणाऱ्यासाठी हे भांडार नाहीच. ते मत बदललं ते कॅप्शनमुळे. २०१९ च्या सुरुवातीला आलेली ही छोटी ओळ मी नुसती शोभेची समजत होते. फोटोच्या पानावर फोटोखाली, प्रत्येक भाषेसाठी वेगळी, जास्तीत जास्त २५५ अक्षरं. तिच्यातले शब्द थेट शोधात येतात. आणि इथे ओव्हरकॅट नाही! बारव, विहीर, लिंब, सातारा, जिना, थारोळं (मोटेचं पाणी पडतं ती जागा), सगळं एकाच ओळीत बसतं. एक काळजी मात्र घ्या. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की रूप बदलतं, आणि ‘बारवेचा जिना’ लिहिलेला फोटो ‘बारव’ शोधणाऱ्याच्या हाती लागेलच असं नाही. म्हणून मूळ शब्द कुठेतरी सुटा येऊ द्या: ‘बारव (पायऱ्यांची विहीर), लिंब, जि. सातारा: थारोळं आणि आतली कमान’. वाचायला थोडं रुक्ष, पण सापडतं. माझ्या सगळ्या फोटोंच्या कॅप्शन मी अशा पुन्हा लिहिल्या.

दुसरी गोष्ट ‘डिपिक्ट्स’, म्हणजे फोटोत काय दिसतंय ते विकिडेटावरच्या (विकिमीडियाच्या माहितीसाठ्यातल्या) नोंदीला जोडणं. यातली गंमत अशी की नोंदीला मराठी नाव असेल तर मराठीतून शोधणाऱ्याला फोटो मिळतो आणि तीच नोंद जपानी माणसाला त्याच्या भाषेतून तिथेच आणते. भाषांतर एकदा नोंदीवर करायचं, फोटोफोटोला नाही. लिंबच्या विहिरीसाठी मी नोंदीवर मराठी नाव नीट घातलं, उपनावांत ‘बारा मोटेची विहीर’ हेही दिलं, कारण लोक दोन्ही तऱ्हेने म्हणतात. मग त्या नावाने फोटो वर येऊ लागले. तो आनंद खरंच मोठा होता.

पण इथेही तेच दुखणं. सल्ला असा की सगळ्यात नेमकी नोंद जोडा. मी ‘बारा मोटांची विहीर’ जोडली, तर नुसतं ‘विहीर’ शोधणाऱ्याला त्या जोडणीचा उपयोग नाही, कारण ही विहीर म्हणजेही विहीरच, हे नातं शोध आपोआप वर चढून पाहत नाही. तेव्हा ढोबळ शब्द पुन्हा कॅप्शनमध्येच घाला. मध्यंतरी यंत्राने टॅग सुचवण्याचं साधनही आणलं होतं. त्यातून ‘आकाश’, ‘झाड’ असले टॅग फार आले आणि पुढे ते बंद झालं. बरंच झालं. वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेल्या लिंबच्या विहिरीच्या फोटोला ‘दगड’ म्हणून काय मिळवलं?

फाइलीच्या नावाकडे पहिल्याच वेळी लक्ष द्या. नंतर ते बदलायला ठरावीक अधिकार असलेल्या सदस्याला विनंती करावी लागते. नाव देवनागरीत चालतं. वर्ग लावायला पसंतीक्रमात (प्रेफरन्सेस) हॉटकॅट हे साधन सुरू करा, एकदम पुष्कळ फोटोंसाठी कॅट-अ-लॉट, आणि डिपिक्ट्स घाऊक भरायला एसीडीसी. ही तिन्ही नसती तर मी केव्हाच सोडून दिलं असतं.

शेवटचं आणि सगळ्यात उपयोगाचं: कॅप्शन दुसऱ्याच्या फोटोलाही लिहिता येते, कुणाची परवानगी लागत नाही. छायाचित्र स्पर्धांतून आलेले आपल्या किल्ल्यांचे आणि लेण्यांचे कितीतरी फोटो नुसत्या इंग्रजी नावावर आणि आकड्यावर पडून आहेत. तुमच्या तालुक्यातली ठिकाणं तुम्ही ओळखता, फोटो काढणारा कदाचित एकदाच येऊन गेलेला असेल. मी सध्या वीरगळांचे, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांचे, फोटो हाती घेतलेत. ‘हीरो स्टोन’ या वर्गातून एकेक उघडायचा, गाव ओळखू आलं तर गावासकट मराठी कॅप्शन, नाहीतर नुसतं ‘वीरगळ’. कोल्हापूर, सांगलीकडच्या कुणाला हात लावायचा असेल तर तिकडचे वीरगळ मी अजून घेतलेले नाहीत.