परदेशात एमबीबीएसला पाठवण्याआधी पात्रता तपासून घेतली, खूप बरं झालं
धाकट्या बहिणीच्या अ‍ॅडमिशनसाठी पुण्यातल्या एका सल्लागार मॅडमकडे गेलो होतो, मनापासून पाच स्टार. आधीच्या एजंटने नुसते हॉस्टेल अन् मेसचे फोटो दाखवलेले. मॅडमनी कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं आणि पेन्सिलने कोर्सच्या महिन्यांखाली रेघ मारली, म्हणाल्या कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, ते इथे भरतच नाहीत, शिकवणं इंग्रजीतून हवं, १२ महिन्यांची इंटर्नशिप पण त्याच कॉलेजात हवी, नीट परीक्षा क्वालिफाय हवीच, यातलं एक जरी हुकलं तरी भारतात डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशन अडतं. आणि परत आल्यावर एफएमजीईला, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या इथल्या परीक्षेला, ३०० पैकी १५० मार्क लागतात ते वेगळंच. आई तर ऐकून गप्पच झाली, दुसऱ्या दिवशी पैसे भरणार होतो आम्ही! मॅडमची फी जरा जास्त आहे पण द्या.