‘साचा मूळ गाडीवरूनच काढलेला आहे’ : फायबर बॉडीच्या व्यवहारात झालेली फसवणूक

पोर्शे ५५० स्पायडर या जुन्या जर्मन शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती घरी बांधू पाहणाऱ्यांनी तयार फायबर बॉडी (काचतंतू आणि रेझिनचे बाहेरचे कवच) मागवण्याआधी हा अनुभव वाचावा, कारण विक्रेत्याने ज्या एका वाक्यावर माझ्याकडून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली, ते वाक्य तुम्हालाही ऐकवले जाईल : ‘साचा मूळ गाडीवरूनच काढलेला आहे.’

१९५३ ते १९५६ या काळात या गाड्या ९० च्या आसपासच बनल्या आणि त्यांची बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होती. अशा गाडीवर मेण आणि रेझिन चोपडू देणारा मालक सहजासहजी मिळणार नाही, तेव्हा दावा मोठा आहे आणि त्याला पुरावाही तेवढाच भक्कम हवा. मी पुरावा मागितला, तेव्हा एका देखण्या चंदेरी गाडीचे फोटो आले. ती गाडी दुसऱ्याच कोणाची असून तिच्यावरून कधीही साचा काढलेला नाही, हे पुढे खुद्द तिच्या मालकाकडूनच कळले.

बॉडी आली ती प्रायमर मारलेली. तुमचे रंगाचे काम वाचावे म्हणून, असे सांगण्यात आले. अशी बॉडी सहसा फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, बसवतात. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर) २४०० मिलिमीटर आणि ५५० चा २१००, म्हणून बीटलचा फ्लोअरपॅन ३०० मिलिमीटरने कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. ते काम मी दोन्ही कर्ण मापून काटेकोर करून घेतले होते. त्यावर बॉडी ठेवून चाकांच्या कमानींच्या मध्यावरून ओळंबे सोडले, तर डावी बाजू जुळली. उजवीकडे मात्र मागची कमान इतकी मागे सरकलेली होती की चाक तिच्या पुढच्या कडेला जवळजवळ टेकत होते. हाताने ठोकलेल्या जुन्या बॉड्यांच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसत, असे उत्तर विक्रेत्याने दिले. यात तथ्य आहे आणि म्हणूनच ही सबब घातक आहे, कारण अभ्यासू माणूसही ती मान्य करून गप्प बसतो. पण चाक घासणारी कमान घेऊन कोणतीही गाडी शर्यतीत उतरली नसती.

मग मी पॉलिश पेपरने प्रायमर उतरवला. खाली पुट्टीचा जाड थर होता आणि त्याखाली, मागच्या झाकणाच्या दुमडलेल्या कडेजवळ, जेलकोटमध्येच, म्हणजे साच्याला लागून असलेल्या रेझिनच्या सर्वांत बाहेरच्या थरात, एका जुन्या दुरुस्तीचा ठसा उमटलेला होता : फायबर मॅटचा (काचतंतूंच्या चादरीचा) चौकोनी तुकडा आणि त्याच्या कडेने सुटलेले धागे, अगदी एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट. ॲल्युमिनियमच्या मूळ बॉडीवर मॅटचे ठिगळ कशाला असेल? साचा दुसऱ्या कोणाच्या तरी फायबर प्रतिकृतीवरून, तिच्या दुरुस्तीसकट, उचललेला होता. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते, आणि पुरते पिकण्याआधी साच्यातून काढले तर तुकडा पिळवटतो. नकलेची नक्कल काढत गेले की प्रत्येक पिढीचा दोष पुढच्या पिढीत साठत जातो. वाकडी कमान आली ती अशी. बिजागऱ्यांच्या जागी मॅटचे जादा थरही नव्हते, त्यामुळे झाकण उचलताच कड लवत असे.

पैसे परत मागितल्यावर उत्तरे येणे थांबले. माझी तक्रार मापे आणि फोटोंसह नोंदवलेली आहे.

आपण बॉडी घेणार असाल, तर प्रायमर नको असे लेखी कळवा आणि आतली बाजू उघडी पाहा. नाण्याने हलके ठोकत गेल्यास पोकळी किंवा पुट्टी असलेल्या जागी आवाज बद्द येतो. नजरेआडच्या कोपऱ्यात पृष्ठभाग किंचित घासून ॲसिटोनचा बोळा फिरवा. रेझिन कच्चे असेल तर तिथे चिकटपणा येईल. कमानींच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंना मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, विक्रेत्याने सांगितलेला आकडा लेखी घ्या, आणि ही मापे स्वतः पडताळून पाहीपर्यंत निदान निम्मी रक्कम हातात ठेवा. साचा कोणत्या गाडीवरून काढला हे विचारताना त्या गाडीवर साचा चढवला जात असतानाचे फोटो मागा. रंगवून उभ्या केलेल्या गाडीचे फोटो कोणीही पाठवू शकतो.