संत्र्याचं कलम: जंभेरीवरचं की रंगपूर लाइमवरचं?

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजनाघाट, वरूडच्या पन्हेऱ्यांतून (रोपवाटिकांतून) पावसाळ्याच्या तोंडावर संत्र्याची कलमं गाड्या भरभरून निघतात. घेणारा उंची आणि पानांचा तजेला पाहून भाव करतो. नजर खाली मातीजवळ न्यावी: डोळा, म्हणजे खालच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची कळी, किती उंचीवर आहे? आणि मुळं देणारा तो खुंट कोणत्या लिंबाचा आहे?

जंभेरी या रानटी लिंबाचा खुंट नर्सरीवाल्यांचा लाडका. वाढ जोमदार, डोळाही चटकन धरतो. हलक्या-मध्यम, निचऱ्याच्या रानात याला नाव ठेवायला जागा नाही. भारी काळ्या रानात मात्र बुडाशी पाणी साचलं की फायटोप्थोरा बुरशी तंतुमुळं खाते. असं बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात येते, मागं नुसता दोरा राहतो. वर पानं पिवळी पडेपर्यंत खाली बरंच काही गेलेलं असतं. खोडावर लागण झाली की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळतो.

भारी आणि चुनखडीच्या जमिनीला रंगपूर लाइम या दुसऱ्या लिंबाचा खुंट उजवा. मुळकूज त्यालाही होते, पण तग जास्त. त्याची अडचण वेगळी: डोळा एक्झोकॉर्टिस या साल सोलणाऱ्या रोगानं ग्रासलेल्या झाडाचा असेल तर खुंटाची साल तडकून सुटते, झाड खुजं राहतं. हा रोग डोळ्यातून आणि कलमाच्या चाकूवरून पसरतो. म्हणून मातृवृक्ष (डोळे ज्यावरून काढले ते झाड) कोणता आणि चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवतात का, हे विचारावंच. उत्तराची टाळाटाळ झाली तर दुसरी पन्हेरी बघा.

बियांवरची, स्वतःच्या मुळांवरची झाडं काटेरी, उंच आणि फळाला फार उशीर लावणारी. विकत घेण्यात अर्थ नाही.

खुंट कोणताही असो, डोळा जमिनीपासून किमान 9 इंच वर हवा. पावसाच्या थेंबांनी उडालेली माती जोडावर बसली की रोग तिथूनच शिरतो. लावताना खड्डा दबणार हे धरून कलम थोडं उंच ठेवा. जोड मातीत गेला तर वरच्या 9 इंचांचा उपयोग शून्य. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला 3 फुटांपर्यंत बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये. लोखंडी विळा बुडवून पाहा; तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

जोडाखालून फुटवा आला तर पान चुरगाळून बघा. लिंबाचा वास आला की तो खुंटाचा. कोवळा असतानाच बुडातून काढा.