लवकर निवृत्तीनंतरचा घरखर्च: लाभांशावर चालवायचा की फंडातून दरमहा काढायचा?

मार्च २०१९ मध्ये नोकरी सोडली तेव्हा पगाराच्या जागी काय येणार याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: लाभांश आणि थोडं एफडीचं व्याज. माझ्या आणि बायकोच्या, तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेल्या, शेअरमध्ये सरकारी कंपन्या आणि बँका भरपूर होत्या. तेव्हा लाभांशावर घेणाऱ्याला कर नव्हता. कंपनी आधीच लाभांश वितरण कर भरायची आणि वर्षाला दहा लाखांपर्यंतचा लाभांश आपल्या हातात करमुक्त यायचा. शिवाय मुद्दलाला हात लावायचा नाही, हे वडिलांकडून लहानपणापासून ऐकलेलं. लाभांशात ते आपोआप पाळलं जात होतं.

आज आमच्या घरखर्चाचा मोठा भाग इंडेक्स फंडाच्या (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) ग्रोथ पर्यायातून, म्हणजे ज्यात लाभांश वाटला जात नाही त्यातून, एसडब्ल्यूपीने येतो. एसडब्ल्यूपी म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची युनिट विकून पैसे काढायची सोय. दोन्ही मार्गांवर काही वर्षं काढली आहेत, म्हणून हे लिहितो आहे. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाच्या वर टाकता येत नाही, त्यामुळे चाळिशी-पंचेचाळिशीत थांबणाऱ्यांची बरीचशी पुंजी साध्या, करपात्र खात्यातच असते. प्रश्न त्या पुंजीचा आहे. खालचे आकडे आणि नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नवीन करप्रणालीचे, साठीच्या आतल्या निवासी व्यक्तीचे आहेत.

आधी कराचं बघू, कारण तिथे दोन्हींत वाटतो तेवढा फरक नाही.

१ एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यामुळे 'लाभांश म्हणजे कराला वाईट' असं सरसकट म्हटलं जातं. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये नोकरी करणाऱ्यासाठी ते खरंच आहे, उपकर धरून ३१.२ टक्के जातात. नोकरी सुटलेल्या माणसाचं गणित वेगळं असतं. चार लाखांपर्यंत कर नाही आणि एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर स्लॅबच्या करावर पूर्ण रिबेट, म्हणजे करमाफी, मिळते. म्हणजे नुसत्या लाभांशावर आणि व्याजावर वर्षाला आठ-दहा लाख येणाऱ्यालाही कर शून्य. हे मी प्रामाणिकपणे आधी सांगतो, कारण माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

फंडातून काढलेल्या पैशाचं असं आहे. वर्षाहून जुनी युनिट विकली की दीर्घकालीन भांडवली नफा होतो. त्यातले पहिले सव्वा लाख करमुक्त, पुढे १२.५ टक्के. हा दर २३ जुलै २०२४ पूर्वी दहा टक्के होता आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२३-२४ पर्यंत एक लाखाची होती. दुसरं उत्पन्न कमी असेल तर चार लाखांच्या मूळ सवलतीतला न वापरलेला भागही या नफ्यावर वापरता येतो. दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या माणसाचा सव्वापाच लाखांचा नफा असा करमुक्त होतो. अनिवासी भारतीयांना मात्र मूळ सवलत अशी वळवता येत नाही.

यात महत्त्वाचं हे की काढलेली सगळी रक्कम नफा नसते. महिना पन्नास हजारांप्रमाणे वर्षाला सहा लाख काढले आणि युनिटची किंमत खरेदीच्या दुप्पट झाली असेल, तर नफा फक्त तीन लाख. उरलेले तीन लाख आपलेच, कर भरून गुंतवलेले. वर लाखभर एफडीचं व्याज असलं तरी कर शून्यच राहतो. बाजार पडलेला असेल तर त्याच पन्नास हजारांत नफ्याचा वाटा आणखी कमी होतो. लाभांशाचा मात्र अख्खा रुपया उत्पन्न म्हणून मोजला जातो आणि शेअर विकून झालेला तोटाही त्यातून वजा करता येत नाही.

एसडब्ल्यूपीकडे एक खड्डा आहे, तो नीट बघून ठेवा. बारा लाखांची रिबेट या भांडवली नफ्यावरच्या कराला लागू नाही. समजा निवृत्तीनंतर तुम्ही सल्लागार म्हणून थोडं काम करता, त्यातून पाच लाख येतात आणि फंडातून चार लाखांचा नफा काढता. पाच लाखांवरचा कर रिबेटमध्ये मिटतो. नफ्याचे सव्वा लाख वजा जाऊन २.७५ लाखांवर १२.५ टक्के आणि उपकर मिळून ३५,७५० रुपये भरावे लागतात. हेच चार लाख लाभांशाचे असते तर काहीच लागलं नसतं. अर्थात निफ्टीतल्या कंपन्यांचा सरासरी लाभांश किमतीच्या दीड टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. दीड टक्का धरला तरी चार लाखांसाठी पावणेतीन कोटींच्या आसपास शेअर लागतात. जास्त लाभांश देणाऱ्या कंपन्या निवडून ते कमी करता येतं, पण मग सगळी मदार दोन-तीन क्षेत्रांवर येते. माझी तशीच आली होती.

फंडातला आयडीसीडब्ल्यू पर्याय, म्हणजे २०२१ पर्यंत ज्याला डिव्हिडंड पर्याय म्हणायचे तो, मी विचारातही घेतला नाही. त्यात आपलंच भांडवल आपल्याला परत मिळू शकतं आणि तरी त्यावर उत्पन्न म्हणून कर लागतो.

आता ज्या एका गोष्टीने मला लाभांशापासून दूर नेलं ती सांगतो. कराची रक्कम नव्हे, फॉर्म १५जी, म्हणजे 'मला कर लागत नाही, पैसे देताना कर कापू नका' असं लिहून द्यायचा फॉर्म.

एखाद्या कंपनीचा लाभांश वर्षाला ठरावीक रकमेच्या वर गेला की ती दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापते. तेव्हा ही मर्यादा पाच हजारांची होती, एप्रिल २०२५ पासून दहा हजार आहे. आपल्याला कर लागणारच नसेल आणि असं उत्पन्न मूळ सवलतीच्या आत असेल, तर कंपनीला १५जी देऊन कपात टाळता येते. ऐकायला सोपं आहे. पण बँकेत एफडीसाठी एक फॉर्म दिला की वर्ष निघतं, तसं इथे नाही. प्रत्येक कंपनीला वेगळा फॉर्म, दर आर्थिक वर्षी नव्याने, तिने दिलेल्या तारखेच्या आत. पाच हजारांच्या वर देणाऱ्या माझ्या चौदा कंपन्या होत्या, बायकोच्या नऊ. म्हणजे तेवीस फॉर्म.

कंपन्यांचे रजिस्ट्रार, म्हणजे शेअरधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था, वेगवेगळे आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकाला सही केलेला स्कॅन ईमेलने हवा. दुसऱ्याच्या पोर्टलवर पॅन, डीपी आयडी, क्लायंट आयडी भरून कंपनीचं नाव लांबलचक यादीतून शोधायचं, आणि फाइल मोठी झाली तर सगळं पुन्हा भरायचं. शिवाय शेवटची तारीख कळते ती कंपनीच्या ईमेलमधून, आणि मे ते ऑगस्टमध्ये असे ईमेल इतके येतात की एखादा निसटतोच. मी वहीत रकाने आखले होते: कंपनी, रेकॉर्ड डेट, फॉर्मची शेवटची तारीख, पाठवला, पोच आली. पोचेचा रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा राहायचा.

२०२१ च्या जुलैत एका कंपनीची तारीख माझ्याकडून चुकली. एकतीस हजारांतून ३,१०० रुपये कापले गेले. पैसे बुडाले नाहीत, २०२२ मध्ये रिटर्न भरल्यावर सप्टेंबरात परत आले. चौदा महिने लागले. रक्कम लहान होती, पण पगार नसलेल्या घरात आपला पैसा आपल्या हाती कधी येणार हे दुसऱ्याच्या कॅलेंडरवर अवलंबून असलेलं मला सोसेना. त्याच वर्षी एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, दोन कंपन्यांचा लाभांश दोनदा दिसत होता, एकदा टीडीएसच्या नोंदीत आणि एकदा कंपनीने स्वतंत्रपणे कळवलेल्या माहितीत. मार्चमध्ये जाहीर झालेला एक अंतरिम लाभांश एप्रिलमध्ये खात्यावर आला, तो कुठल्या वर्षात धरायचा यासाठी सीएंना दोनदा फोन केला. रिटर्नमध्ये लाभांश कुठल्या कालावधीत किती आला हेही भरावं लागतं. निवृत्तीनंतरचा जुलै महिना मी असा घालवणार हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

कागदपत्रांच्या मागे खरी अडचण उभी होती. लाभांश किती आणि कधी यायचा यात आपलं काहीच चालत नाही, त्यामुळे उत्पन्न आखता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देऊ नका असं बँकांना सांगितलं. त्या काळात ते योग्यच होतं. पण माझ्या यादीतल्या बँकांची ओळ त्या वर्षी कोरी राहिली. त्याच महिन्यापासून लाभांश करपात्रही झाला होता. ज्या कारणांसाठी मी हा मार्ग धरला त्यांतली दोन, करमुक्ती आणि खात्रीची आवक, वर्षभरात गेली.

एसडब्ल्यूपीत निवासी माणसाला टीडीएस नाही आणि १५जी नाही. रक्कम आणि तारीख आपण ठरवतो. वर्षाअखेर फंडाकडून भांडवली नफ्याचं विवरण येतं आणि आकडे त्यातून सरळ रिटर्नमध्ये जातात.

तिथेही खटकणारी गोष्ट आहे, विक्रीचा क्रम. पहिली घेतलेली युनिट पहिली विकली जातात. जुन्या युनिटांत नफा सगळ्यात जास्त, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतच नफ्याचा वाटा मोठा येतो. कमी नफ्याची नवी युनिट आधी विकावीत अशी सूचना देता येत नाही. पण फंड कंपनीच्या विवरणात हा क्रम फोलिओनिहाय (फंडातल्या प्रत्येक खात्याला वेगळा) लागतो, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची खरेदी वेगळ्या फोलिओत ठेवली तर निवड थोडीफार आपल्या हातात येते. तुम्ही अजून नोकरीत असाल तर हे आत्ताच करा, नंतर करता येत नाही. युनिट डीमॅटमध्ये असतील तर क्रम त्या डीमॅट खात्यावर लागतो आणि ही सोय राहत नाही. म्हणून माझी युनिट डीमॅटबाहेर आहेत.

मार्चमध्ये त्या वर्षाची करमुक्त जागा उरली असेल तर मी तेवढ्याच नफ्याची युनिट विकून तीच पुन्हा घेतो, म्हणजे खरेदी किंमत वर सरकते. आपल्याकडे अशा विक्री-खरेदीला मनाई नाही. शेअरमध्ये हे एकाच दिवशी केलं तर तो इंट्राडे व्यवहार ठरतो आणि हेतूच फसतो, फंडात तशी अडचण नाही. फक्त नव्या युनिटांचं एक वर्ष पुन्हा सुरू होतं आणि वर्षाच्या आत विकली तर नफ्यावर २० टक्के लागतात. म्हणून पुढच्या बारा महिन्यांच्या खर्चाच्या फोलिओला मी हात लावत नाही, दुसऱ्या फोलिओतच हे करतो.

मुद्दल खातो आहोत ही टोचणी सुरुवातीला लागते, हे मान्य करतो. दर महिन्याला युनिटांचा आकडा कमी झालेला दिसतो. लाभांश दिल्यावर शेअरचा भावही तेवढा खाली येतो हे डोक्याला पटतं, मनाला पटायला मला दोनेक वर्षं लागली. मंदीत युनिट स्वस्तात विकायची वेळ येऊ नये म्हणून दोन वर्षांचा खर्च आम्ही एफडीत ठेवतो. हा पैसा ठेवायचा नसेल किंवा पडत्या बाजारात विक्री चालू राहिलेली बघवणार नसेल, तर एसडब्ल्यूपी तुम्हाला त्रासच देईल.

लाभांशावर राहणं कुणाला जमेल? ज्यांच्याकडे वडिलोपार्जित शेअर आहेत आणि विकले तर मोठा कर बसेल, ज्यांच्या कंपन्या पाच-सहाच आहेत, किंवा वर सांगितलं तसं स्लॅबमधलं दुसरं उत्पन्न असूनही एकूण आकडा बारा लाखांच्या आत राहतो, त्यांनी केवळ माझं ऐकून बदलू नये. त्यांच्यासाठी गणित खरोखर लाभांशाच्या बाजूने झुकू शकतं. पण जोडीदार अजून तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये नोकरी करत असेल तर त्याच्या नावावर तरी लाभांशाचे शेअर वाढवू नयेत असं मला वाटतं.

बदलायचं ठरलं तर एकदम विकू नका. आम्हाला तीन आर्थिक वर्षं लागली. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवसाचा सर्वोच्च भाव (विक्रीचा भाव त्याहून कमी असेल तर विक्रीचा भाव) खरेदी किंमत म्हणून धरता येतो. आमच्या काही सरकारी कंपन्यांचा भाव २०२१ मध्ये त्याहून खाली पण मूळ खरेदीहून वर होता. ते शेअर आधी विकले, त्यांचा करपात्र नफा शून्य आला. लाभांश देणारे शेअर कमी होत गेले तशी मूळ सवलतीतली मोकळी जागा दरवर्षी वाढली आणि पुढच्या वर्षी जास्त विकता आलं. सगळ्यात जुने, सगळ्यात जास्त नफ्याचे चार कंपन्यांचे शेअर अजून तसेच आहेत. त्यांचा लाभांश येतो, प्रत्येकाचा दहा हजारांच्या आत, त्यामुळे फॉर्म लागत नाही.