०.२१७ की ०.२१८? एअर रायफलसाठी स्लग निवडताना

०.२२ इंच बोअरच्या (बॅरलच्या आतल्या मापाच्या) एअर रायफलसाठी स्लग, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं, घ्यायला निघालेला जो तो आधी वजन विचारतो. २३ ग्रेन घेऊ की ३०? माझ्या मते हा प्रश्न तिसरा. स्लग हवाच आहे का, हा पहिला. व्यास किती, हा दुसरा.

छर्रा, म्हणजे एअर रायफलची नेहमीची गोळी, तसा सोशिक. कंबर बारीक, मागचा घेर पोकळ आणि पातळ. हवेचा दाब आला की घेर फुलून आट्यांत (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांत) बसतो, त्यामुळे बॅरलच्या मापात उन्नीस-बीस चालून जातं. मात्र ज्या आकारामुळे तो हवेत सरळ राहतो, त्याच आकारामुळे त्याचा वेगही लवकर गळतो. स्लग बंदुकीच्या गोळीसारखा, बिनकंबरेचा. त्याची सगळी भिस्त आट्यांनी दिलेल्या गिरकीवर. ती नीट मिळाली तर लांबवर वेग टिकतो, वाराही कमी ढकलतो. ५० मीटरच्या आतच नेमबाजी करायची असेल किंवा रायफल स्प्रिंगची असेल, तर छर्रेच घ्या. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) असेल, ताकद वाढवता येत असेल आणि १०० मीटर खुणावत असतील, तरच पुढचं वाचा.

०.२१७ आणि ०.२१८ इंचांत फरक जेमतेम ०.०२५ मिलिमीटरचा. पण स्लगचं अंग लांबभर आट्यांना घासतं, म्हणून एवढाही जाणवतो. स्लग सैल असेल तर बाजूने हवा निसटते आणि वेग दर शॉटला बदलतो. घट्ट असेल तर बोल्ट ढकलताना हाताला कळतं, शिसं खरवडलं जातं आणि बॅरल लवकर माखते.

बॅरलचं माप मोजायचंच असेल तर रायफल रिकामी करा, हवा सोडा आणि तेलाचा थेंब लावलेला मऊ शिशाचा स्लग सळईने मागून पुढे सरकवा. जोर सगळीकडे सारखा लागला तर चोक, म्हणजे बॅरलच्या तोंडाशी मुद्दाम अरुंद केलेला भाग, नाही. शेवटच्या इंच-दोन इंचांत अचानक अडला तर चोक आहे, आणि बाहेर आलेल्या स्लगवर मायक्रोमीटर चोकचंच माप दाखवेल. त्यावरच्या आट्यांच्या खुणाही पाहा: चहूबाजूंनी सारख्या हव्यात. चोक असेल तर मी ०.२१७ पासून सुरुवात करेन, नसेल तर ०.२१८ पासून. दोन्ही मापं एकाच वजनात आणा, नाहीतर ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) कशामुळे सुधारला ते कळणार नाही.

आता वजन. त्याच व्यासात वजन वाढलं की सहसा लांबी वाढते, आणि लांब स्लगला जलद पीळ लागतो. १६ इंचांत एक फेरा देणारी बॅरल हलके स्लग सांभाळते, पण जड स्लगला तिची गिरकी अपुरी पडू शकते. कागदावर गोलाऐवजी लांबट भोक दिसलं तर स्लग आडवा होऊन लागतोय; तिथे स्कोप फिरवून काही होत नाही, हलका स्लग घ्या. वेग वाढवून बघायचा मोह होतोच, पण ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास, स्लगही डळमळतो.

आणि छर्ऱ्यांसाठी लक्ष्यामागे लावलेला बॅकस्टॉप (गोळी अडवणारा आडोसा) स्लगला पुरेल असं धरू नका. लांब अंतरावरही त्याच्यात बरीच ताकद उरलेली असते.