दोरा जाळून दाखवला, तरी फसले

एका कॅफेसाठी 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनचे (भुताखेतांची सोंगं घेतात तो पाश्चात्त्य सण) सहा ॲप्रन शिवायची ऑर्डर मिळाली होती. घाट 1950च्या दशकातल्या अमेरिकन गृहिणींचा: छातीवर बदामी आकार, कमरेपासून चुणीदार घेर, कडेला नागमोडी लेस, मागे मोठा बो. गंमत कापडात. लांबून पोल्का डॉट वाटावेत आणि जवळ गेलं की कळावं, ठिपके नाहीत, कवट्या आहेत!

असं काळं-पांढरं कापड दादरला एका गल्लीत सापडलं. पितृपक्ष चालू होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं. (सासूबाई घरी म्हणाल्याच, "या दिवसांत नवं कापड, तेही कवट्यांचं?") दुकानदार म्हणाला, "ताई, प्युअर कॉटन. थांबा, दाखवतो." कडेचा एक दोरा ओढून लायटरवर धरला. कागदासारखा भुरकन जळला, चिमटीत मऊ राख. मी खूश. 140 रुपयांनी दहा मीटर घेतलं, 1400 रोख दिले. बिल म्हणून चिठ्ठीवर नुसता आकडा.

कापताना सहावा ॲप्रन काही बसेना. टेप लावली तर नऊ मीटर चौदा सेंटीमीटर. म्हणजे दहा गज! 36 इंची गजाने मोजून पैसे मीटरचे घेतले. पट्टी आपटत भराभर मोजत होता तेव्हा मी लेसचे रंग बघत बसले होते. मीटरपट्टीवर वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असतो, तो बघायला हवा होता.

हे एक वेळ चाललं असतं. पण चुण्या बसवायला कॉटनसाठीच्या तापमानावर ठेवलेली इस्त्री फिरवली आणि कापड खाली चिकटून ओढलं गेलं. घेर एकाच दिशेने आक्रसला, कवट्या चपट्या झाल्या. मग मी दोन्ही दोरे वेगवेगळे काढून जाळले. आडवा धागा राख झाला. उभा मात्र ज्योतीपासून आखडला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी राहिला. पॉलिएस्टर! त्याने मला फक्त आडवा दाखवला होता. दोरा आपण स्वतः काढायचा, उभा आणि आडवा दोन्ही, आणि कापड फाडायच्या आधी.

परत गेले तर "कापलेला माल परत नाही." ग्राहक हेल्पलाइन 1915ला फोन लावला, पहिला प्रश्न बिलाचा. चिठ्ठीवर दुकानाचं नावही नव्हतं.

गॅसपाशी वितळून अंगाला चिकटेल असं कापड मी कोणाच्या गळ्यात बांधणार नव्हते. ऑर्डर सोडली, ॲडव्हान्स परत केला. एक ॲप्रन तेवढा पुरा झाला होता. तो सध्या मिक्सरवर आहे, बो पुढे करून. सासूबाई चटणी वाटायला गेल्या की आधी तो उलटा करतात.