टिंट्सफील्ड की क्रॅगसाइड? व्हिक्टोरियन कंट्री हाउस एकच बघायचं असेल तर

इंग्लंडच्या सहलीत राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एकाच कंट्री हाउससाठी, म्हणजे श्रीमंतांच्या गावाकडच्या वाड्यासाठी, सवड असेल, तर माझ्या मते निवड ब्रिस्टलजवळचं टिंट्सफील्ड आणि नॉर्थम्बरलंडमधलं क्रॅगसाइड यांतूनच करावी. दोन्हींचं काम १८६३ मध्ये सुरू झालं आणि दोन्ही आज वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत.

टिंट्सफील्डचे मालक विल्यम गिब्ज. पेरूहून येणाऱ्या ग्वानोच्या, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या, व्यापारात ते गडगंज झाले. वास्तुकार जॉन नॉर्टन यांनी गिब्ज यांच्या जुन्या घराचा दोन-तीन वर्षांत गॉथिक महाल केला. १८७० च्या दशकात आर्थर ब्लोमफील्ड यांनी पॅरिसच्या सेंत शापेल या मध्ययुगीन प्रार्थनामंदिराच्या धर्तीवर चॅपेल, म्हणजे घरचं छोटं चर्च, जोडलं. राजाबाई टॉवर पाहत वाढलेल्या मुंबईकराला इथल्या टोकदार कमानी आणि दगडी कोरीवकाम लगेच ओळखीचं वाटेल.

क्रॅगसाइड मात्र वाढत गेलेलं घर आहे. तोफांचे कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँग यांनी आधी सुटीपुरतं लहानसं घर बांधलं; नंतर वास्तुकार रिचर्ड नॉर्मन शॉ सुमारे पंधरा वर्षं त्याला नवनवे भाग जोडत राहिले. खडकाळ उतारावर उंच धुराडी, लाकडी पट्ट्यांच्या त्रिकोणी भिंती, मध्येच बुरूज. समोरून पाहून आतल्या खोल्यांचा अंदाज येत नाही, आणि मला तेच फार आवडतं. तळ्यांच्या पाण्यावर वीज तयार करून १८७८ मध्ये इथं आर्क दिवा (दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या झोताने उजळणारा) लागला, १८८० मध्ये संशोधक जोसेफ स्वान यांचे बल्ब. पाण्याच्या दाबावर लिफ्ट चाले, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरे. ही यंत्रं घराच्या रचनेतच मुरलेली आहेत. दिवाणखान्यातली सुमारे १० टनांची संगमरवरी शेकोटी मला डोईजड वाटते. जेवणघरातला शेकत बसायचा कोनाडा कितीतरी सुंदर.

सोबत वयस्कर मंडळी असतील, वेळ कमी असेल, तर टिंट्सफील्ड. ब्रिस्टलहून ते अगदी जवळ आहे. क्रॅगसाइडला रेल्वे पोचत नाही, न्यूकॅसलहून गाडीने तासभर लागतो आणि आवारात चढउतार बरेच. तरीही वास्तुकलेची खरी ओढ असेल तर मी क्रॅगसाइडच सांगेन. घर आतून पाहून झालं की खालच्या ओढ्यावरच्या लोखंडी पुलावर जा. शॉ यांनी ते कड्यावर कसं रचत नेलं, ते तिथून नीट कळतं.